शेवंती आत्याचा मंगळवार

शेवंती आत्याच्या घरी रोज संध्याकाळी तीन उशा येतात. उशा पोरींच्या, घर आत्याचं. कोपरीत आमच्या कोळ्यांच्या गल्लीत याचं कुणाला नवल नाही. बायका पहाटे अंधारात टेम्पोत बसून भाऊच्या धक्क्यावर मासळी घ्यायला जातात. नवरे कुणाचे रात्रपाळीला, कुणाचे नुसतेच घोरत पडलेले. मग लेकींना ठेवायचं कुणाच्या भरवशावर? आत्याच्या. ती स्वतः अर्धं आयुष्य त्याच टेम्पोत बसलेली, मासळीची पाटी वाहिलेली. गुडघे गेले तसं तिने जाणं सोडलं आणि मागे राहणाऱ्या पोरी सांभाळायला घेतल्या.

नवरा दौलत, वागळे इस्टेटमधल्या कंपनीत होता. आधी कंपनी गेली, मग तो गेला. मूलबाळ नाही. पण हे तिच्यासमोर कुणी बोलत नाही, कारण ती लगेच विचारते, मग ह्या तीन कोन हाईत? तीन म्हणजे हेमाली, संचिता आणि यज्ञा. हेमाली जयाची, सातवीतली, बोलायला तिखट. संचिता पाचवीतली, गप्प. यज्ञा सगळ्यात लहान. तिचे आईबाप स्वस्त भाड्यापायी दिवा गावात राहायला गेले, पण आईची मासळीची जागा कोपरीच्या बाजारात, पोरीची शाळा कोपरीत. म्हणून यज्ञा आठवडाभर आत्याकडे आणि शनिवार-रविवार दिव्याला.

आत्याच्या घरात पंखा एकच. त्यामुळे एका गादीवर तिघींची डोकी एका बाजूला आणि आत्या त्यांच्या उशाशी आडवी. सकाळी ती तिघींना उठवते, तेल लावते, लाल रिबिनी बांधून दोन-दोन वेण्या घालते आणि शाळेत पाठवते. एवढं झालं की तिचा दिवस झाला. मग ती उंबऱ्यात बसून संध्याकाळची वाट बघते. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात औषध होतं, डॉक्टर होती, शास्त्र होतं, पण पणाला लागलेल्या होत्या त्या तीन उशा.

मी कोण? मी त्याच गल्लीतली. शाळा सातवीत सोडलेली, बाकीचं सगळं वॉर्ड ऑफिसच्या बाकड्यावर बसून शिकलेली. गटार तुंबलं, रेशनवाल्याने माप मारलं, शाळेत बाई आल्या नाहीत, की लोक माझ्या दारात येतात. त्यामुळे मोठ्या दवाखान्याच्या कॉलेजातली एक डॉक्टर पोरींच्या डोक्यातल्या उवांचा अभ्यास करायला आमच्या गल्लीत आलीय असं कळलं, तेव्हा मी चहाचा कप तसाच ठेवून देवळाच्या ओट्यावर गेले.

डॉक्टरचं नाव मनाली. डोंबिवलीची, पोरसवदा, बोलणं स्वच्छ. सोबत एक खोका, त्यात बारीक फण्या, काचेच्या इवल्याशा बाटल्या आणि भिंग. मी गेल्या गेल्या विचारलं, आमच्याच गल्लीत का? टॉवरवाल्यांच्या पोरींच्या डोक्यात उवा होत नाहीत काय?

"होतात की, ताई," ती म्हणाली. "टॉवरमध्येही गेलेय मी. तिथे उवा आहेत, फक्त दार उघडत नाहीत."

मला उत्तर आवडलं. आवडलं म्हणून जास्त राग आला. मी तिथेच बसून राहिले आणि तिला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. तिने सांगितलं. उवा घाणीमुळे होत नाहीत. ऊ उडत नाही, उडी मारत नाही, डोक्याला डोकं लागलं की एका केसावरून दुसऱ्या केसावर चालत जाते. डोक्यावरून खाली पडली तर एक-दोन दिवसांत मरते. औषधाने ऊ मरते पण सगळ्या लिखा मरत नाहीत, म्हणून आठवड्याने पुन्हा लावायचं, म्हणजे मधल्या काळात फुटलेल्या लिखांतल्या उवा अंडी घालायच्या आत मरतात. काही गल्ल्यांना औषध मिळणार, काहींना नुसती ओल्या केसांवरून फणी. कुठल्या गल्लीला काय हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं. मग कुणाच्या उवा जास्त गेल्या ते मोजणार. आमच्या गल्लीला औषध आलं.

म्हणजे आमच्या पोरी तुमच्या प्रयोगाला, मी म्हटलं. ती म्हणाली, हो, पण विचारून, आणि नको वाटलं तर केव्हाही थांबता येईल. जया पलीकडून म्हणाली की बाई, फुकट औषध मिळतंय तर भांडू नकोस. जया म्हणजे हेमालीची आई, गल्लीतली सगळ्यात मोठ्या आवाजाची मासेवाली, माझ्यानंतर. ती बोलली की गल्ली बोलली. 

औषध घरोघरी वाटलं. रविवारी घरातल्या सगळ्यांनी एकदम लावायचं, दहा मिनिटं ठेवून धुवायचं, पुढच्या रविवारी परत. पहिल्या रविवारनंतर मनाली दर मंगळवारी येणार, ओल्या केसांतून फणी फिरवून बघणार. मंगळवार आमचा, बुधवार दिव्याचा, पुढचे दिवस कल्याण-डोंबिवलीचे. गाडी एकच, फणी धरणारी माणसंही तीच.

पहिल्या मंगळवारी बऱ्याच पोरींची डोकी साफ निघाली. हेमाली, संचिता, यज्ञा यांच्या डोक्यात मात्र उवा. दुसऱ्यांदा औषध लावलं, पुन्हा तेच. मनालीने तिसरी बाटली दिली. त्यानंतरच्या मंगळवारी हेमाली साफ आणि संचिता भरलेली. त्याच्या पुढच्या मंगळवारी संचिता साफ, हेमाली भरलेली. यज्ञाचं तर काही विचारूच नका. मनालीचं तोंड बारीक झालं आणि माझा पारा चढला.

मी म्हटलं औषध पाण्यासारखं आहे. ती म्हणाली, इतर घरांत तर काम करतंय. मी म्हटलं मग ह्या तीन घरांना दिलेल्या बाटल्याच खराब. ती म्हणाली, एकाच खोक्यातल्या आहेत. मग ती म्हणाली की कधीकधी उवा औषधाला दाद देईनाशा होतात, जुनी औषधं वर्षानुवर्षं वापरून त्यांना सवय होते. तसं असेल तर ते मोठंच निघेल. म्हणून ती जिवंत उवा बाटलीत धरून नेणार, औषध लावलेल्या कागदावर सोडणार आणि किती मरतात ते बघणार. हे सांगताना तिच्या डोळ्यात चमक आली. मला ती चमक खटकली. आमच्या पोरींच्या डोक्यात उवा टिकल्या तर हिचं भलं होणार, असा हिशोब मी मनात मांडला. खरा की खोटा, मला आजही सांगता येणार नाही.

आयांना विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर. लावलं. रविवारी लावलं. दोन्ही वेळा लावलं. दहा मिनिटं ठेवलं. जया तर म्हणाली की अकरा ठेवलं. मग माशी कुठे शिंकली? कुणाला काही कळेना. मनाली कागद चाळत बसली, मी तिच्या समोर बसले, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे असं बघत होतो की जणू चूक समोरचीच्या पदरात बांधलेली आहे.

मग हेमाली सहज बोलून गेली की यज्ञा रात्री लाथा मारते. मनालीने विचारलं, तू यज्ञाशेजारी झोपतेस? हेमाली म्हणाली, आम्ही तिघी आत्याकडेच झोपतो. मनालीने पेन खाली ठेवलं. तिच्याकडे ही तीन वेगळी घरं होती, तीन रेशनकार्डं. झोपणारं डोकं कुठे असतं हे तिने विचारलं नव्हतं, आणि आम्हाला कुणी विचारल्याशिवाय सांगायची सवय नाही.

तिने लगेच शेवंती आत्याला बोलावलं. आजी, तुमचंही डोकं बघायला हवं, केस थोडे ओले करते, पाच मिनिटांचं काम आहे. आत्याने पदर घट्ट ओढला आणि म्हणाली, आज नाय. एवढंच. वळली आणि घरात गेली.

पुढच्या मंगळवारी पुन्हा विचारलं, पुन्हा आज नाय. त्याच्या पुढच्या मंगळवारी तिने दारच लोटून घेतलं. आता गल्लीला हे पुरेसं होतं. बाजारात मासळी कापता कापता बायका बोलायला लागल्या. म्हातारीच्या आंबाड्यात काय आहे देव जाणे. दाखवत नाही म्हणजे आहेच. आम्ही पोरींना औषध लावतोय आणि ही रोज रात्री परत पेरतेय. कुणीतरी तर असंही म्हणालं की तिला ठाऊक आहे, जाणूनबुजून करते. मी त्या बाईला दोन शिव्या हासडल्या. पण शिव्या देताना माझ्याही मनात आलंच की मग दाखवत का नाही?

जयाने हेमालीची उशी परत आणली. नालासोपाऱ्याच्या नणंदेला बोलावून घेतलं, ती पोरीला सांभाळणार. जयाचं बघून संचिताच्या आईनेही तसंच केलं. यज्ञाला दिव्याला नेलं, तिची शाळा बुडायला लागली. जया मला सरळ म्हणाली, "डॉक्टरने तिचं डोकं बघून साफ आहे म्हटलं, की त्याच संध्याकाळी पोर पाठवीन. तोवर नाय. माझ्या पोरीला वर्गात उवाबाई म्हनतात, ते काय तू ऐकलंस?"

मी ऐकलं नव्हतं. शाळेत कोण कोण म्हणतं त्यांची नावं मागितली. जयाने दिली नाहीत. दिली असती तर ती वेगळी गोष्ट झाली असती.

आत्या उंबऱ्यात बसणं सोडून आत बसायला लागली. संध्याकाळी गादी घालायची आणि तशीच गुंडाळून ठेवायची. मी डबा घेऊन जायचे, ती खायची नाही. एकदा गेले तर तिने तिन्ही पोरींच्या लाल रिबिनी धुऊन दोरीवर वाळत घातलेल्या. मला ते बघवेना. मी तिच्यासमोर बसले आणि भांडलेच. म्हटलं, आत्या, तुझ्या पोरी गेल्या, आता तरी सांग. उवा आहेत तर आहेत, माझ्याही होत्या, सगळ्यांच्या असतात. लाज कसली?

"उवांची कोन लाज धरतंय?" ती म्हणाली. "ती डाक्टर मंगलवारीच येते. मंगलवारी मी डोक्यावरशी पानी नाय घेत. विश्रामचा वार हाय."

विश्राम तिचा भाऊ. आमच्यात बाई ज्या वारी भाऊ जन्मला त्या वारी डोक्यावरून न्हात नाही. न्हाली तर भावाला बाधतं म्हणतात. मीही पाळते, माझा भाऊ गुरुवारचा. ही गोष्ट इतकी साधी की माझ्या डोक्यात ती आलीच नाही. आणि आत्या सांगेल तर कशी? विश्रामने बापाची होडी हिला न विचारता विकली तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. तो कल्याणला, ही इथे. ज्या भावाचं नाव काढत नाही त्याचा वार पाळते, हे गल्लीसमोर कबूल करायचं म्हणजे तिला उवांपेक्षा जड.

मी उठायला लागले आणि परत बसले. म्हणजे ते पोरींचं औषध? रविवार?

"रविवारी हेमालीला कशी न्हाऊ घालीन?" आत्या म्हणाली. "तिचा भाऊ दर्शन रविवारचा न. मी जयाला म्हनलं, सोमवारी घाल. संचिताचा सर्वेश सोमवारचा, पन रविवारी तिची आई घरान नव्हती, मंग तिला मंगलवारी घातलं. आन यज्ञाला दिव्याला रविवारी पानी नव्हतं, टँकर आला तवा."

मी बोटांवर वार मोजले. सगळ्या आयांनी खरंच औषध लावलं होतं. सगळ्यांनी दोन्ही वेळा लावलं होतं. रविवार म्हणजे त्यांच्या लेखी औषधाचा वार, म्हणून विचारलं की रविवार सांगायचं. प्रत्यक्षात कुणाचं सोमवारी, कुणाचं मंगळवारी डॉक्टर तपासून गेल्यावर, कुणाचं टँकर येईल तेव्हा. आणि रात्री तिघींची डोकी एका पंख्याखाली. हेमालीचं साफ झालं की संचिताच्या डोक्यातल्या उवांना जागा रिकामी. संचिताचं झालं की उलट.

मी मनालीला फोन केला. सगळं सांगितलं. मग तिने मला दर्शनचा वार परत विचारला. मग सर्वेशचा. मग विचारलं की हा भावाचा वार बाकीच्या गल्ल्यांतही पाळतात का. मी म्हटलं, मला काय विचारता, चिठ्ठ्या तुम्ही टाकलेल्या. बोलून झाल्यावर वाटलं, हे जरा जास्तच झालं. पण बोललेलं परत कुठे घेता येतं.

उपाय सोपा होता. पोरी तिघी आणि आत्या, चौघींना एकाच दिवशी, मनालीच्या डोळ्यांसमोर. तोंडी सांगितलेलं आता चालणार नव्हतं. पण मनाली आमच्याकडे मंगळवारीच येऊ शकत होती. मी तिच्या कॉलेजात गेले, मोठ्या सरांना भेटले, टेबलावर हात आपटून झाला, त्यांच्या डोक्यावरचा पंखा बंद करून पाहिला. सर शांतपणे म्हणाले की वार बदलायचा तर दिवाळीनंतर. जयाची नणंद दिवाळीपर्यंत थांबणार नव्हती, आणि ती गेली की जया हेमालीला नालासोपाऱ्याच्या शाळेत घालणार असं तिने बोलून दाखवलेलं.

आत्याला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, माझे हातान काय हाय? वार त्याचा. तो म्हनला न्हा, तर न्हाईन.

मग मी कल्याणला गेले. कोळसेवाडीत रिक्षावाल्याने तीनदा चुकीच्या गल्लीत नेलं आणि चुकीचं भाडं मागितलं, त्याचं काय केलं ते सोडा. विश्राम रेल्वेच्या लोकोशेडमधून निवृत्त झालेला, बनियनवर बसून टीव्ही बघत होता. मी सांगायला सुरुवात केली. उवा म्हटल्यावर त्याने मला विक्रेती समजून हात जोडले. शेवंतीचं नाव घेतल्यावर टीव्ही बंद केला. मग मी सगळं सांगितलं, औषध, अभ्यास, तीन पोरी, मंगळवार.

"मंगळवार?" तो म्हणाला. "माझा वार मंगळवार कुठे? आई शनिवार म्हणायची. बाबा म्हणायचे, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी झाला. कुणाला माहिती." मग त्याने विचारलं, "ती अजून पाळते?"

मी हो म्हटलं. त्याच्या बायकोने चहा आणला. तो चहा तसाच धरून बसला. मी वाट बघत होते की आता हा फोन मागेल, किंवा माझ्याबरोबर निघेल, किंवा होडीबद्दल काही बोलेल. त्याने यातलं काही केलं नाही. एवढंच म्हणाला की तिला सांग, न्हा म्हणावं, मला काही होत नाही. आणि दाराशी येऊन विचारलं, तिचे गुडघे अजून दुखतात का.

परत येताना माझं डोकं चालेना. वार मंगळवार असेल तर परवानगी मिळाली. नसेल तर इतकी वर्षं ती कशासाठी कोरडी राहिली? आणि शनिवारी तर आमच्यात तसंही कुणी न्हात नाही, म्हणजे आपसूक तोही पाळलाच गेला. मी आत्याला निरोप दिला, न्हा म्हणाला, काही होत नाही म्हणाला. वाराचं बोलले नाही. तिने विचारलं, आजून काय? मी म्हटलं, गुडघ्यांचं विचारत होता. ती उठली, दोरीवरच्या रिबिनी काढल्या आणि घड्या घालायला लागली. घालता घालता म्हणाली, त्याला काय करायचंय माझ्या गुडघ्यांचं. पण त्या संध्याकाळी तिने माझा डबा पूर्ण संपवला.

मंगळवारी मनाली आली. आत्याच्या घरामागच्या मोरीत चार पाट मांडले. पोरींना त्यांच्या आया घेऊन आल्या, जया दाराला टेकून हाताची घडी घालून उभी. यज्ञाला तिचा बाप दिव्याहून सोडून गेला. मनालीने हातमोजे घातले, घड्याळ लावलं. आधी फणी, मग औषध. हेमालीच्या डोक्यात निघाल्या, संचिताच्या निघाल्या, यज्ञाच्या तर फणीत मावेनात. मनालीने त्या बाटलीत भरल्या. मग आत्या बसली. आंबाडा सोडला. डोक्यावरून पहिला तांब्या ओतताना तिने डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली.

फणी फिरली. एकदा, पुन्हा. मनालीने फणी पांढऱ्या कपड्यावर झटकली आणि भिंग लावलं. सगळ्या वाकल्या. कपड्यावर एक ऊ. एकच, जिवंत, चालत होती.

"बघा," जया म्हणाली.

मी मनालीला विचारलं, ही आत्याकडून पोरींना गेली की पोरींकडून आत्याला आली? पोरी तर इतके दिवस तिच्याकडे झोपल्याही नाहीत. मनाली म्हणाली, ते सांगता येत नाही. आधीची लीख राहिली असेल, ती फुटली असेल. किंवा आणखी कुणाकडून आली असेल. एका उवेवरून काहीच म्हणता येत नाही. मी म्हटलं मग त्या कागदावर सोडलेल्या उवांचं काय झालं? ती म्हणाली, निम्म्या मेल्या, निम्म्या जगल्या. म्हणजे औषध चालतं की नाही? ती म्हणाली, आत्ता तरी मला माहीत नाही, ताई. मी आयुष्यात बऱ्याच साहेबांशी भांडलेय, पण माहीत नाही असं तोंडावर म्हणणारा एकही भेटला नव्हता. 

जाताना तिने आणखी एक सांगितलं. औषधाचे वार पाळले गेले नाहीत, आणि आता मी स्वतः येऊन औषध लावलं, त्यामुळे तुमची गल्ली अभ्यासात धरता येणार नाही. औषध देईन, पुढच्या मंगळवारीही येईन, पण मोजणीतून तुम्ही बाहेर. मी भडकले. इतकं सगळं करून आम्ही बाहेर? मग मला आठवलं की सुरुवातीला आमच्या पोरी प्रयोगाला का, म्हणून मीच भांडले होते. आता प्रयोगातून काढल्या म्हणून भांडत होते. हेमालीला हे कळलं आणि ती हसायला लागली. तिच्या आईने तिला चापट मारली, मला हसू आवरेना, ते मी खोकल्यात घातलं.

संध्याकाळी आत्याने गादी घातली नाही. मी जाऊन बघितलं तर ती केस मोकळे सोडून मागच्या दारात बसलेली. म्हणाली, पोरी नको पाठवू म्हनावं. माझ्या डोक्यान निघाली. सगल्यांनी डोल्यांनी बघितली. मी समजावलं की एक होती, औषधाने गेली असेल. तिने मान हलवली. तिच्यापुरता निकाल लागला होता.

मी बाहेर आले तर जया येत होती. काखेत हेमालीची उशी, मागे हेमाली. मी म्हटलं, आत्या नको म्हणतेय. जया थांबली नाही. सरळ मागच्या दाराशी गेली आणि आत्याच्या पायाशी, पायरीवर पाठमोरी बसली. उशी मांडीवर. मग तिने वेणी सोडली. जयाचे केस कमरेपर्यंत आहेत. बाजारात ती ते पदरात बांधून ठेवते, पहाटे जाते आणि अंधार पडल्यावर येते, त्यामुळे तिचं डोकं कुणी बघितलेलं नव्हतं. मनालीनेही नाही. मंगळवारी जया कधी घरीच नसायची, आणि आज होती तर दाराला टेकून उभी होती.

"बघ," ती म्हणाली. "डाक्टरला नाय दाखवलं मी."

 फणी समोरच होती. आत्याने जयाचे केस मानेपासून दोन हातांनी उचलले आणि एक बट वेगळी केली. जरा वेळाने तिचा अंगठा थांबला. तिने दोन्ही अंगठ्यांची नखं एकमेकांवर दाबली.

"किती हाईत?" जयाने विचारलं.

"गप बस," आत्या म्हणाली. "हालू नको."

हेमाली आत गेली आणि गादी घालायला लागली. संचिताची आई पोरीला घेऊन दारात येऊन उभी राहिली. आतलं बघून ती काही न विचारता आत आली आणि जयाच्या शेजारी बसून आपला बुचडा सोडू लागली. यज्ञाचा बाप तिला न्यायला आला होता, तो मला विचारत होता की आज नेऊ की ठेवू. मला सांगता येईना. औषध चाललं की नाही, ती ऊ कुणाची, मंगळवार कुणाचा, यातलं काहीच मला सांगता येत नव्हतं. आतून आत्याचा आवाज आला की यज्ञाची उशी दिव्याला राहिली असेल तर तिला माझी द्या.

बाप तिला ठेवून गेला.